मालकाचे नाव : सरकार

किसनराव भापकर बोलायला लागले की ऐकणारा आपोआप पुढे वाकायचा. आवाज मुळात बारीक नव्हता, पण तो वापरायचंच त्यांनी सोडून दिलं होतं. बाजारात मिरच्यांचा भाव विचारतानासुद्धा ते असे कुजबुजायचे की मिरचीवाल्या बाईला वाटायचं, हा काहीतरी चोरीचा माल मागतोय. तेवीस वर्षं हरणांच्या आसपास काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? मोठ्याने बोललं की हरणं उधळतात. बोट दाखवलं तरी उधळतात, म्हणून ते बोटही दाखवत नसत. हनुवटी जराशी वर करून "तिकडं" म्हणत. गावातल्या पोरांनी ती लकब उचलली होती. फळ्यावरचं अक्षर कुठलं म्हणून विचारलं तरी पोरं मला हनुवटीने दाखवायची आणि मी चिडायचो.

मी तेव्हा चिडायचो फार. वय तेवीस, वाढलेला नगर शहरात, आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भीमेपासून पाच-सहा कोस अलीकडच्या बोरमाळ नावाच्या गावात. एसटी फाट्यापर्यंत, पुढे पायी. एका खोलीत चार इयत्ता आणि मागच्या पडवीत माझं बिऱ्हाड. गावाच्या पूर्वेला जंगल खात्याचं कुरण होतं. जंगल म्हणायला तिथे धड एक झाड नव्हतं. गवत, खुरट्या बाभळी, बोरीची झुडपं, एक विहीर आणि तिच्याशेजारी एक सिमेंटचा हौद. पण त्या गवतात काळविटांचा मोठा कळप होता. कुरण सरकारने राखलेलं होतं, आणि ते राखायला सरकारने ठेवला होता एक माणूस. खात्याच्या कागदावर गार्ड, गावाच्या तोंडी गारड. ते हे किसनराव.

हरणांना ते हरणं म्हणत नसत. 'सरकारी' म्हणत. "आज सरकारी पल्याडच्या अंगाला गेल्यात," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, तालुक्याहून कुणी कारकून मंडळी दौऱ्यावर आलीत, आता शाळा तपासणार. मी घाईघाईने हजेरीपट नीट करून ठेवला. कळपातल्या काळ्याभोर, पिळाच्या शिंगांच्या नराला मात्र ते 'सायब' म्हणायचे. हे विनोदाने चाललेलं नव्हतं. ही जनावरं सरकारची, आपण सरकारचे नोकर, म्हणजे एका अर्थी ती आपल्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी हौदाभोवतीची माती बाभळीच्या फांदीने झाडून सपाट करायची. सकाळी उजाडताच जाऊन त्या मातीवरचे खूर वाचायचे. मादी कुठली, पाडस कुठलं, एकच जनावर दोनदा आलं का, हे त्यांना त्या ठशांवरून कळायचं. मला एकदा त्यांनी नेऊन दाखवलं, तर मला नुसता चिखल दिसला. तिथून परत येताना ते माझ्या पडवीशी थांबायचे आणि एकच शब्द बोलायचे. "एकशेबारा." मी तोंडात राखुंडी घेऊन उभा. मला काय करायचं होतं त्या आकड्याचं? पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरी अनसूयाबाई, त्यांची बायको, ऐकून घ्यायची नाही. तिचं म्हणणं, नवऱ्याला विचारलं घरात पीठ किती आहे तर सांगता येत नाही, आणि रानातली शेपटं बरोबर सांगतो.

मग दोन वर्षांचा दुष्काळ आला. पहिल्या वर्षी पाऊस अर्धामुर्धा झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही. गावातली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. गुरं तालुक्याच्या छावणीत गेली. आणि किसनरावांचा सकाळचा आकडा उतरायला लागला. एकशेनऊ. एकशेचार. अठ्ठ्याण्णव. मेली का, असं मी विचारलं तर म्हणाले, मेली असती तर गिधाडं दिसली असती, गेली असतील भीमेच्या अंगाला. तिकडे उसाची रानं होती, कुत्री होती, बंदुका होत्या. गेली म्हणजे गेलीच. आता आकडा सांगून झाला तरी ते निघत नसत. पडवीच्या खांबाला हात लावून उभे राहत.

आकडा उतरण्याचं कारण, कुरणातली विहीर आटली होती. तोवर ते रोज पोहऱ्याने पाणी शेंदून हौद भरत. विहीर आटल्यावर स्वतःची बैलगाडी जुंपून, तिच्यावर दोन टिपाडं बांधून, चार कोसांवरच्या झऱ्यावरून पाणी आणू लागले. महिनाभर तसं चाललं. मग बैलांच्याच बरगड्या दिसायला लागल्या. बैल छावणीत गेले आणि गाडी दारात उभी राहिली.

खात्याने काही करू नये का, असं मी शहरी माणसाच्या तोऱ्यात विचारलं होतं. त्याचं उत्तर पुढे रेंजरसाहेबांनी दिलं, माझ्यासमोर, शाळेच्या ओट्यावर बसून. रेंजर म्हणजे किसनरावांचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. जीप फाट्यावरच बंद पडली म्हणून बिचारा उन्हातून चालत आला होता आणि पाणी मागायचीही त्याला लाज वाटत होती. तो म्हणाला, "भापकर, तुझं कुरण कमवत नाही, हा खरा घोळ आहे." पश्चिमेकडच्या डोंगरांतून लाकूड निघतं, बांबू निघतो, म्हणून तिकडे खर्च मंजूर होतो. कुरणाचं उत्पन्न काय, तर वर्षाला एकदा गवताचा लिलाव. यंदा गवतच नाही, तर लिलाव नाही, उत्पन्न नाही, मग खर्च कशाच्या नावाने मागायचा? दुष्काळी कामाचा पैसा तेवढा वरून येतोय. पाहिजे तर शंभर मजूर पाठवतो, कुरणात चर खणून घे.

किसनरावांनी ऐकून घेतलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चर खनलं तर पानी पावसाळ्यात साटंल सायब. आत्ता काय प्यायचं?"

रेंजरसाहेब टोपीने वारा घेत राहिले. चर खणायला शंभर माणसं कुरणात शिरली तर उरलेली जनावरंही निघून जातील, हे त्यांनाही कळत होतं. जाताना ते एवढंच म्हणाले की दुसऱ्या कुठल्या खात्याकडून काही मिळालं तर बघ, माझी हरकत नाही.

पैसा नाही याचा अर्थ मला तोवर नुसता ऐकून ठाऊक होता. किसनरावांकडे तो रोजच्या कामात दिसायचा. हिवाळ्यात एकदा शिकारी आले, जीपमधून, शहरातले बंदूकवाले. किसनराव एकटेच होते. त्यांनी जीप अडवली नाही, नंबर घेतला नाही. त्यांनी काय केलं, तर गळ्यातली शिट्टी तोंडात धरून कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकत पळाले. कळप उधळला आणि शिकारी शिव्या देत परत गेले. मी म्हणालो, किसनराव, त्यांना पकडायला हवं होतं, गुन्हा आहे तो. तर ते शांतपणे म्हणाले की पकडलं असतं तर तारखेला नगरच्या कोर्टात जावं लागलं असतं. मागच्या खेपेला चार तारखा झाल्या, भाडं खात्याने दिलं नाही, आणि ते नगरला असताना मागे इथे तीन जनावरं पडली. शिट्टीला भाडं लागत नाही.

त्याच सुमाराला वन्य प्राण्यांसाठी नवा कायदा झाला. त्याचं छापील परिपत्रक त्यांच्याकडे आलं. ते घेऊन ते शाळा सुटेपर्यंत बाहेर बसून राहिले. त्यांना वाचता येत होतं, पण अडखळत, आणि सरकारी मराठी तर मलाही अडखळतच वाचता येते. मी सगळं वाचून दाखवलं. मारू नये, पकडू नये, बाळगू नये, विकू नये. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "ह्यात पान्याचं काय लिवलंय?" मी पुन्हा चाळलं. पाण्याचं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी परिपत्रकाची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

आता एका अर्जाविषयी सांगतो. तो मी लिहिला, म्हणून हे सांगणं माझ्याकडे आलं आहे.

दुष्काळात तलाठी छापील फॉर्मांचा एक गठ्ठा शाळेत ठेवून गेला होता. ज्यांची गुरं छावणीत जाऊ शकत नाहीत, त्यांनी जागेवर पाणी मागण्यासाठी तो होता. सोबत एक हाती लिहिलेला विनंतीअर्ज जोडायचा. गावातले सगळे फॉर्म मीच भरायचो. एका संध्याकाळी किसनराव आले आणि म्हणाले, एक माझा भरा. दिवेलागण होत आली होती, मला भाकरी थापायची होती, मी घाईत बसलो. जनावरांची संख्या? "एक्क्यान्नव." मी लेखणी थांबवली. म्हटलं, किसनराव, हा गुरांचा फॉर्म आहे, हरणांचा नाही.

"फारमावर काय छापलंय?"

"जनावरे."

"मग ती जनावरं न्हाईत का?"

पुढचा रकाना होता, मालकाचे नाव. मी म्हटलं, आता इथे काय लिहू? किसनरावांना प्रश्नच कळेना. "सरकार लिवा की. कुनी मारलं तर खटला कोन घालतंय? सरकारच ना? मग मालक कोन?"

मी लिहिलं. मालकाचे नाव : सरकार. हा त्यांचा भाबडेपणा होता की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही छातीठोक सांगता येत नाही. ते बोलत होते त्यात खोटं काहीच नव्हतं. मी मात्र शिकलेला होतो, कचेरीतला माणूस ते कसं वाचेल हे मला दिसत होतं. दिसत असून मी ते लिहिलं आणि मनात हसलो, हे कबूल करतो. सोबतचा विनंतीअर्जही एका कच्च्या कागदावर लिहून घाईतच उतरवला, खाली त्यांनी सही केली.

कचेरीत कुणाला तरी वाटलं असावं की बोरमाळजवळ सरकारी वळूंचं केंद्र वगैरे असेल. सरकारचीच गुरं उपाशीतापाशी मेली तर बोभाटा होईल, म्हणून अर्ज झटपट मंजूर झाला. पंधरा दिवसांत टँकर आला. एक दिवसाआड एक खेप.

टँकर पहिल्यांदा आला त्या दुपारी गावात जे झालं ते मी विसरलेलो नाही. गावच्या विहिरीत तेव्हा तळाशी हातभर पाणी होतं. तेवढ्या हातभर पाण्यामुळे कागदोपत्री विहीर जिवंत होती आणि गावाला टँकर मिळत नव्हता. बाया रात्रंदिवस वाटीने पाणी भरत होत्या. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीचा नंबर तर सगळ्यांच्या शेवटी लागायचा. तिथली पारूबाई खडीच्या कामावरून परत येत होती. ती टँकरच्या पुढ्यात रस्त्यात उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ती हलली नाही. किसनराव केबिनमधून खाली उतरले.

"गारड," ती म्हणाली, "हरनाला टँकर आन आमाला वाटी. तुजं सरकार कुटल्या गावचं हाय?"

 किसनरावांनी तिच्याच घरून हंडे आणवले आणि टँकरचा नळ सोडला. घरामागे दोन हंडे, सुरुवात वस्तीपासून, मग गाव, आणि उरेल ते कुरणाच्या हौदात, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्यात कधी भांडण झालं नाही. हौदाला जेमतेम तिसरा हिस्सा जायचा. अख्खं गाव हरणांच्या नावावर पाणी पीत होतं आणि बाहेर एक अक्षर बोलत नव्हतं. माझ्या पडवीतला आकडा एक्क्याण्णववर थांबला. एकदा त्र्याण्णव झाला. त्या दिवशी किसनरावांनी माझ्याकडे चहा मागून घेतला, जो ते कधी मागत नसत.

वैशाखात एक हुकूम आला. जागेवर पाणी देणं परवडत नसल्यामुळे बोरमाळ येथील एक्क्याण्णव सरकारी जनावरे आठ दिवसांच्या आत तालुक्याच्या छावणीत हलवावीत, न हलवल्यास पाणीपुरवठा बंद होईल. मी तो वाचून दाखवताना मला हसू आवरेना. किसनराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, पाऊस यायला अजून किती दिवस? मी म्हटलं, मृग धरला तर महिना-सव्वा महिना. ते बोटांवर काहीतरी मोजत बसले.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, जनावरं हलली नाहीत. तेव्हा तालुक्याहून सर्कल आला, महसूल खात्याचा माणूस. किसनरावांनी त्याला कुरणात नेलं आणि हनुवटी वर केली. सर्कल परत आला तो थेट माझ्या शाळेत येऊन खुर्चीत बसला. घामाने भिजला होता. आधी त्याला हसू आलं, मग एकदम रडकुंडीला आला. कारण मंजुरीच्या वेळी 'जागेवर जाऊन गुरांची पाहणी केली' असा दाखला त्याने घरबसल्या दिलेला होता. आता सगळेच अडकले. टँकर आणखी काही दिवस चालू ठेवतो, पण मामलेदारसाहेबांपुढे चौकशी होणार, असं तो म्हणाला. आणि चौकशीत एकच गोष्ट निघणार : फॉर्म काय, गुरुजी समोरचा सांगेल तसा भरतात, पण अर्ज कुणी लिहिला?

जाता जाता त्याने माझ्याकडे बघितलं. गावात धड लिहिणारा दुसरा होता कोण?

मी घाबरलो. साधा नव्हे, पार घाबरलो. माझी नोकरी कायम झालेली नव्हती. सरकारची फसवणूक म्हणजे काढूनच टाकणार, आणि पुन्हा कुठल्या शाळेची पायरी चढता येणार नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी किसनराव आले, आकडा सांगितला, आणि मग म्हणाले, "गुरुजी, मी इचार केला. अडान्यानं लिवलं तर चूक. शिकल्यानं लिवलं तर लबाडी. चुकीला शिक्षा थोडी, लबाडीला लई. म्हनून अर्ज मी लिवलाय."

मी म्हटलं, तुम्हाला कुठे तसं लिहिता येतं? ते लिहून दाखवायला लावतील.

"म्हनून तर आलोय. चार दिस हायत."

माझ्याकडे अर्जाचा कच्चा कागद होता, शब्दाला शब्द तोच. तो त्यांनी समोर ठेवला आणि चार दिवस, शाळा सुटल्यावर, पहिलीच्या पोरांच्या जागेवर मांडी घालून बसले. पाटीवर लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. माझं अक्षर जरा उजवीकडे झुकतं, ज ला मी उगाच शेपूट काढतो. त्या शेपटावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. घाम पाटीवर पडायचा. मी समोर बसून वह्या तपासल्यासारखं करायचो. नको, किसनराव, मी सांगतो खरं काय ते, असं म्हणायची मला चार संध्याकाळी संधी होती. मी म्हटलं नाही.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाटीकडे बघताना मला दिसलं की अर्जात मी चूक केली आहे. 'सदर जनावरांस पिण्यास पाणि नाही.' पाणि, ऱ्हस्व. घाईत लिहिलेलं. पोरांच्या हातावर ऱ्हस्व-दीर्घासाठी पट्ट्या मारणारा मी, आणि सरकारदरबारी पाणी चुकीचं लिहून बसलो होतो. किसनराव ती चूक बरोबर गिरवत होते. मी ती दुरुस्त करायला सांगितली असती तर मूळ अर्जाशी अक्षर जुळलं नसतं. मी गप्प राहिलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग किसनरावांकडे परत येता येईल. चौकशीत अर्ज अडाणीपणाने लिहिला गेला असं ठरलं. सर्कल सुटला, मी सुटलो. गाव टँकरवर जगतं आहे हे उघड झाल्यामुळे टँकर बंद करता येईना. तो गावाच्या नावाने चालू राहिला. कुरणाचं नाव त्यातून गेलं. हौदात पाणी सोडायचं का, हे आता गावावर होतं. कधी सोडायचे, कधी उरायचंच नाही. पारूबाई भांडून दोन-तीनदा टँकर तिकडे घेऊन गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं. पाऊस उशिरा आला. तोवर किती हरणं राहिली, किती गेली, हे कुणालाच ठाऊक नाही. मी दोनदा हौदापर्यंत जाऊन आलो. मातीत खूर होते. किती जनावरांचे, ते मला वाचता आलं नाही. नवा गार्ड त्या जागेवर दोन वर्षं नेमलाच नाही, पैसे नव्हते.

चौकशीच्या दिवशी आम्ही दोघे एकाच एसटीने तालुक्याला गेलो, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. तसं किसनरावांनीच सुचवलं होतं. त्यांनी खाकी कोट धुऊन घातला होता. मामलेदारसाहेब वयस्कर, कडक इस्त्रीचे, बोलायला अघळपघळ. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि आधी मला विचारलं, "गुरुजी, हे अक्षर तुमचं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

"मी लिवलाय सायब," किसनराव म्हणाले. साहेबांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

साहेबांनी कागद दिला, म्हणाले लिहून दाखव. खुर्ची होती, पण किसनराव जमिनीवर बसले, कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहायला लागले. तीन ओळींना पाव तास लागला. पंखा फिरत होता, कागद फडफडत होता आणि ते डाव्या हाताने तो दाबून धरत होते. मी भिंतीकडे बघत होतो. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मोठ्याने हसले.

"चूकसुद्धा तीच आहे. पाणि. अरे, पाणि म्हणजे संस्कृतात हात. जनावरांना काय हात पाजायचा होता?"

सर्कल हसला, कारकून हसला. किसनराव उभे राहिले. "चुकलं सायब. शाळा न्हाई झाली फार."

साहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, गावात राहता तर यांना ऱ्हस्व-दीर्घ तरी शिकवा."

मी "हो साहेब" म्हणालो. माझ्या आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो असेन, पण त्या 'हो साहेब'ची मला जेवढी शरम वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

किसनरावांच्या बदलीचा हुकूम जंगल खात्याकडून आधीच येऊन पडला होता, तो तिथेच त्यांच्या हातात मिळाला. अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ताबडतोब हजर व्हावे. बोरमाळला परत जायलाही वेळ दिलेला नव्हता. अनसूयाबाई मागाहून सामान घेऊन जाणार होती. मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेलो. आता एकत्र चाललो तरी कुणी बघणार नव्हतं. स्टँडवर नगरच्या गाडीसाठी रांग होती. तिच्याकडे जाता जाता ते थांबले.

"गुरुजी, पानी खरं कसं लिवत्यात?"

"दीर्घ," मी म्हणालो. "ण ला दुसरी वेलांटी."

त्यांनी तळहातावर बोटाने ते एकदा लिहून बघितलं.

"बरं झालं तुमी आदी न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "मग आपलं जुळलं नस्तं."

ते मनापासून म्हणाले, त्यात कुठे टोचणं नव्हतं. मी का गप्प राहिलो होतो ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर गाडी लागली होती आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले होते.